समुद्रपूरची भरती-ओहोटी

दुर्बीण डोळ्याला लावून तलावाकाठी नुसतं बसून बघा. दहा मिनिटांत कोणीतरी मागे येऊन उभं राहतंच. "काय हरवलं जी?" हा पहिला प्रश्न. "काही नाही, पाखरं मोजतोय," असं सांगितलं की दुसरा प्रश्न, "काऊन? कमी झाले का?" मग तो माणूस बाजूला टेकतो, तंबाखू मळतो, आणि उठून जाईपर्यंत आमच्याकडे एक किस्सा ठेवून जातो. पाखरांची आमची तिसरी वही चालू आहे. किश्श्यांची वही ठेवली असती तर कपाट घ्यावं लागलं असतं!

आम्ही म्हणजे चौघं. मी शोभा, समुद्रपूरला पोस्टाच्या काउंटरवर नोकरी करून रिटायर झालेली. ताकसांडे सर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, केंद्राची कल्पना त्यांची. राजूभाऊ काबरा, बाजारात हार्डवेअरचं दुकान. डॉक्टरांनी शुगरसाठी रोज चालायला सांगितलं म्हणून तलावापर्यंत यायला लागले आणि अडकले. आणि सुखदेवभाऊ नान्हे. ते तलावात मासे धरतात. ते आमच्यात आले नाहीत, आम्हीच त्यांच्या जागेवर जाऊन बसलो!

गावापासून थोडं आत हा सिंचनाचा तलाव. काठावर चौकीदाराची एक खोली होती, कुलूप लावून गंजलेली. पंचायतीनं ती आम्हाला वापरायला दिली. राजूभाऊंनी वर नवे टिन ठोकले, सरांनी भिंतीवर नकाशा लावला, आणि आमचं "किनारी पक्षी निरीक्षण केंद्र" सुरू झालं.

किनारी! वर्धा जिल्ह्यात!

*

सरांचं म्हणणं असं, की चिखलात चोच खुपसून किडे खाणारी जी पाखरं समुद्रकिनारी उतरतात, तीच हिवाळ्यात आपल्या तलावाच्या काठावरही उतरतात. मग त्यांचा अभ्यास इथे का नको? म्हणून त्यांनी कोकणातल्या एका संस्थेला पत्र लिहिलं, की आम्हाला मार्गदर्शन करा.

पाकिटावर पत्ता समुद्रपूरचा. तिकडच्या लोकांनी पत्ता वाचला आणि खूश होऊन किनारपट्टीच्या केंद्रांसाठीचा मोठा फॉर्म पाठवून दिला.

आता सरांचा स्वभाव असा, की ते खोटं लिहीत नाहीत आणि फॉर्ममधला रकाना रिकामा सोडत नाहीत. आम्ही चौघं खोलीत बसून फॉर्म भरायला लागलो.

"भरतीची वेळ," सरांनी वाचलं. विचार केला. आणि लिहिलं, "जुलै ते सप्टेंबर."

"ओहोटीची वेळ." लिहिलं, "ऑक्टोबर ते जून."

"सर्वांत जवळचं बंदर."

इथे सर थांबले. राजूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "लिहा ना सर, मागच्या चिंचेवर. आठ-दहा आहेत. काल माझा डबा नेला!"

*

तो फॉर्म वाचून तिथले एक साहेब स्वतःच यायला निघाले. नऊ महिन्यांची ओहोटी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती म्हणे.

साहेब बसस्टँडवर उतरले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर रुंद टोपी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. बाहेर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?"

ऑटोवाल्यानं त्यांना बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि फार सहानुभूतीनं सांगितलं, "समुद्र नाई जी इथं. नुसतं पूर हाय!"

साहेब तसेच ऑटोत बसून तलावावर आले. जरा रागातच होते. आमच्याशी न बोलता दुर्बीण लावली. समोरच्या चिखलावर तुतवार उतरले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिखल दिसू नये इतके. साहेबांनी दुर्बीण खाली केली, परत लावली, परत खाली केली.

"पाखराला समुद्र लागत नाही," ते हळूच म्हणाले. "चिखल लागतो."

सुखदेवभाऊ मागून म्हणाले, "चिखल म्हणाल तेवढा हाय जी. घेऊन जाता का थोडासा?"

साहेबांनी चिखल नेला नाही, उलट जाताना स्वतःची जुनी टेलिस्कोप आम्हाला देऊन गेले.

*

राजूभाऊंच्या पहिल्या दिवसाची नोंद आम्ही अजून जपून ठेवली आहे. सरांनी त्यांना वही दिली, कसं मोजायचं ते समजावलं आणि पलीकडच्या काठाला निघून गेले. संध्याकाळी वही उघडली. आत लिहिलं होतं:

"शेकाट्या: साडेतीन डझन. टिटवी: सहा नग. बगळे मोठी साईज: चार. बगळे छोटी साईज: अकरा. पाणकावळे: लॉट. एक बदक डॅमेज (पाय)."

सरांनी शांतपणे विचारलं, "आणि हे शेवटी काय लिहिलंय? 'रिटर्न: वीस'?"

"उडून गेले होते सर," राजूभाऊ म्हणाले, "पण परत आले ना!"

*

सुखदेवभाऊंना इंग्रजी नावं येत नाहीत, पुस्तकातली मराठी नावंही येत नाहीत. पण पाखरू कुठे बसेल, कधी उठेल, हे त्यांना न बघता कळतं.

एका हिवाळ्यात तलावावर एक मासेमार गरुड यायला लागला. वरून दगडासारखा पाण्यात पडायचा आणि मासा घेऊनच उठायचा. सर हरखून गेले. सुखदेवभाऊंना विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?"

"सरकारी," सुखदेवभाऊ म्हणाले.

"सरकारी?"

"दहाले येते, पाचले जाते. मधात एकडाव जेवते. रविवारी येत नाई."

सर हसले. पण शास्त्रज्ञ माणूस! घरी जाऊन वही उघडली. लागोपाठ चार रविवार पाहिले. गरुडाची एकही नोंद नाही! दुसऱ्या दिवशी सर धावतच तलावावर. कारण काय असेल? तापमान? वारा? सुखदेवभाऊंनी जाळं झटकता झटकता सांगितलं, "रविवारी पोट्टे पोहाले येतेत ना जी. कल्ला करतेत. थो कायले येईन?"

मी विचारलं, "भाऊ, तुमचेच मासे नेतो तो. राग नाही येत?"

"नाई ना बाई. सरकारी असून सोता काम करते. अशाले कोण काय म्हणन?"

*

रस्त्यावर आम्ही बाण काढून एक पाटी लावली होती. पेंटरला जागा कमी पडली, म्हणून त्यानं मोठ्या अक्षरांत फक्त "पक्षी निरीक्षक" लिहिलं आणि खाली बाण. पुढे निवडणुका लागल्या, आणि वाऱ्यापावसानं "पक्षी"ची शेवटची वेलांटी धुऊन निघाली, हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही.

एका सकाळी खोलीसमोर दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. अल्लीपूरकडचे एक भाऊ उतरले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात हार, बगलेत फाईल, मागे दहा-बारा कार्यकर्ते. सर टेलिस्कोपला डोळा लावून बसले होते. भाऊंनी हार घातला. सरांना वाटलं, गावात कोणाला तरी पक्ष्यांची आवड लागली! ते भारावून गेले.

"पक्ष्यांचा अभ्यास किती वर्षांचा आहे तुमचा?"

"वीस वर्षं झाली जी," भाऊ म्हणाले. "चार पक्षांत राहून आलो!"

"राहून?" सरांना फार कौतुक वाटलं. "वा! मग बसा. पण इथे एक नियम आहे. बोलायचं नाही. शांत बसायचं."

भाऊंना वाटलं, निष्ठेची परीक्षा आहे. त्यांनी कार्यकर्त्यांना दूर पाठवलं आणि मांडी घालून बसले. एक तास झाला. दोन तास झाले. पांढऱ्या पायजम्यावर मुंग्या चढल्या, पण माणूस हलला नाही! शेवटी अगदी हळू आवाजात विचारलं, "साहेब, मंग माह्यं नक्की समजू ना?"

सर टेलिस्कोपमधून नजर न काढता म्हणाले, "नक्की काहीच सांगता येत नाही. उद्या सकाळी सहाला या. नशिबात असेल तर दिसेल."

दुसऱ्या दिवशी सहाला भाऊ हजर!

त्यांना तिकीट काही मिळालं नाही. पण चक्रवाक दिसला.

*

हा पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आपल्याकडे एक बदक आहे. चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, टोकाला पिवळा. त्याला मराठीत हळदीकुंकू बदक असंच म्हणतात. संक्रांतीनंतरचे दिवस होते. मला सकाळीच त्यांचा मोठा थवा दिसला. मी गडबडीत फोन काढला आणि आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकलं, "तलावावर हळदीकुंकू! लवकर या! खूप जमल्या आहेत!!"

ग्रुप चुकला. मेसेज गेला आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळावर.

अर्ध्या तासात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सात बायका. जरीच्या साड्या, गजरे, नथी. एकीच्या हातात तिळगुळाचा डबा, दुसरीनं वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या आणलेल्या. सर बिचारे कॅप काढून उभे राहिले. मी हात जोडून खरं काय ते सांगितलं. साती जणी एकमेकींच्या साड्यांकडे बघायला लागल्या.

शेवटी आमच्या शेजारच्या कुसुमकाकू, वय पंच्याहत्तर, पुढे झाल्या. टेलिस्कोपमधून बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"खरंच वं शोभा, कुंकू लावून बसल्या आहेत साऱ्या. बस, थ्याईले बलावलंस मानानं, अन् आमाले चुकून!"

मग सगळ्या जणी पाळीवर बसल्या, तिळगुळ वाटला. सरांनाही एक गाळणी मिळाली. ते तिच्यातून अजून चिखलातले किडे चाळतात.

*

आता शेवटचा. हा आठवला की मला अजून हसू येतं, पण तो घडत होता तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच तोंडाला चव नव्हती.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की मधला वाळूचा एक उंचवटा उघडा पडतो. एका मे महिन्यात त्या उंचवट्यावर नदी सुरयांच्या एका जोडीनं अंडी घातली. सुरय म्हणजे राखी-पांढरं पाखरू, पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. घरटं वगैरे काही नाही. नुसत्या वाळूवर खळगा करून अंडी ठेवतात. या तलावावर ही पाखरं पहिल्यांदाच अंडी घालत होती. सर त्या दिवशी घरी जायलाच तयार नव्हते.

आणि त्याच आठवड्यात तलावातला गाळ काढायचं काम सुरू झालं. जेसीबी आला, ट्रॅक्टरांची रांग लागली. गाळ शेतात टाकला की कपाशी जोमानं येते, आणि हे काम पाऊस लागण्याआधीच व्हायला हवं. ट्रॅक्टरांचा जवळचा रस्ता नेमका त्या उंचवट्यावरून.

सर बोलायला गेले. शेतकऱ्यांच्या वतीनं देवराव भोयर पुढे आले. साठीचा माणूस, उन्हानं रापलेला, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा.

"सर, माह्यी जमीन चुनखडीची. दहा वर्सं झाली, मी या गाळाची वाट पाहून राह्यलो. तुमच्या पाखराच्या पायी माह्यं हे वर्स जाऊ देऊ का?"

सर म्हणाले, "तुमचं खरं आहे." सरांचे वडील शेतमजूर होते. 

"मंग उद्या सकायी रस्ता इथूनच जाईन," देवराव म्हणाले. "अन् थ्या खोलीची चाबीबी पंचायतीत देऊन द्या. लोकं म्हणून राह्यले, पाखरं पाहणाऱ्याईनं आज रस्ता अडवला, उद्या तलाव अडवतीन."

आम्ही खोलीत परत आलो.  सुखदेवभाऊ म्हणाले, अंड्यांभोवती झेंड्या लावू. सर म्हणाले, झेंड्या पाहून कुत्री येतील.  सरांनी भिंतीवरच्या नकाशाच्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवायला सुरुवात केली. मला ते बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

सकाळी आम्ही पोचलो, तर सर आमच्या आधीच उंचवट्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या वाटेवर टेलिस्कोप लावून उभे. ट्रॅक्टर आले. पहिल्यावर देवराव.

"सर, बाजूले व्हा."

"होतो," सर म्हणाले. "एकदा यातून बघा आणि मग खुशाल जा. मी परत येणार नाही बोलायला."

देवराव कुरकुरत उतरले. एक डोळा हातानं झाकला, दुसरा टेलिस्कोपला लावला. मागे सहा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते. देवरावांनी मागे न बघता हात वर केला. हॉर्न थांबले.

"हे काय करून राह्यली?" जरा वेळानं त्यांनी विचारलं. "पाण्यात जाऊन बसते, अन् मंग येऊन अंड्याईवर बसते. परत जाते, परत येते."

"पोट भिजवून आणते," सर म्हणाले. "वाळू तापते ना. ओल्या पोटानं बसली की अंडी गार राहतात. नाहीतर आतल्या आत शिजतील."

"दिवसभर असंच?"

"दिवसभर."

"अन् नवरा?"

"तोही. पाळीपाळीनं."

देवरावांनी डोळा काढला आणि सरांकडे पाहिलं. "नवराबी?"

"नवराही."

देवराव परत एकदा टेलिस्कोपला वाकले. मग वळले आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडले, "इंजिन बंद करा बे! साऱ्याईनं! बाळंतीण हाय इथं!"

त्या दिवसापासून ट्रॅक्टर सुखदेवभाऊ मासेमारीचा डोंगा बांधतात त्या बाजूनं, लांबच्या वाटेनं जायला लागले. गाळ सगळ्यांच्या शेतात पडला, फक्त फेरा वाढला. किल्लीचं नाव कोणी काढलं नाही. आणि जुन्या वाटेवर दुसऱ्या दिवशी बाभळीचे काटे टाकलेले, शेजारी टिनाचा पत्रा ठोकलेला. त्यावर देवरावांच्या अक्षरात:

"पुढे बाळंतपण सुरू आहे. हॉर्न वाजवू नये. हुकुमावरून."

पंधरा-सोळा दिवसांनी पाळीवरून एक स्कूटी भन्नाट आली. मंदाताई, गावच्या आशा सेविका. गर्भार बायकांच्या आणि बाळांच्या नोंदी ठेवायचं, कोणी गाव सोडून गेलं तर तेही लिहायचं काम त्यांचं. पाटी त्यांच्या कानावर गेली होती. खांद्याला पिशवी, चेहरा लाल.

"माह्या गावात बाळंतपण, अन् माह्याकडं नोंद नाई? कोण हाय थे? नऊ महिने कुठी लपून बसली होती?"

देवरावांनी त्यांना टेलिस्कोपपाशी नेलं. मंदाताईंनी पाहिलं. आम्ही हसू दाबून उभे. पण त्या हसल्या नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन अंडे. दोन निंघाले सकायी," देवराव म्हणाले.

"रडले का?"

"रडले."

"मायनं खाऊ घातलं?"

"मासोळी देल्ली."

"बरं." मंदाताईंनी पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं. "तिसऱ्या दिवशी येईन. मंग सातव्या, मंग चौदाव्या. बेचाळीस दिवस पाहा लागते आमाले."

आम्हाला वाटलं, गंमत केली. पण तिसऱ्या दिवशी स्कूटी हजर! सातव्या दिवशीही. तोवर तिसरंही निघालं होतं, वाळूवर तुरुतुरु पळत होतं. चौदाव्या दिवशी त्यांनी पाहिलं तर पिल्लं दोनच. सुखदेवभाऊ म्हणाले, "घारीनं नेलं बाई." मंदाताईंनी वही उघडली नाही. सरांच्या शेजारी दगडावर बसून राहिल्या, मग उठून गेल्या. एकविसाव्या दिवशी परत आल्या. अठ्ठाविसाव्यालाही.

बेचाळिसाव्या दिवशी तलावात पाणी चढलं होतं. उंचवटा पूर्ण बुडाला होता. जेसीबी कधीच गेला होता, देवरावांची कपाशी वीतभर झाली होती, तरी ते त्या दिवशी आवर्जून आले होते. मंदाताईंनी स्कूटी लावली, टेलिस्कोपला डोळा लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. नुसतं पाणी.

"गेले?"

"चार दिवस झाले," देवराव म्हणाले. "दोघंबी उडाले. मायबापाच्या मांगं. मी पाह्यलं."

मंदाताईंनी मान हलवली. पिशवीतून वही काढली, पान शोधलं, पेनाचं टोपण दातांत धरून काढलं, आणि सरांकडे बघून अगदी गंभीरपणे विचारलं,

"मंग सर, स्थलांतरित लिहू ना?"